गल्लीचा एकच ई-मेल

आमच्या घरी फोन आला तेव्हा मी सातवीत होते, आणि त्या दिवसापासून तो फोन एक दिवसही आमचा राहिला नाही. बोरगाव मेघेत आमचं किराण्याचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. फोन दुकानाच्या काउंटरवर बसवला. आठवड्याभरात गल्लीतल्या प्रत्येकाने तो नंबर आपापल्या सासरी, माहेरी, ऑफिसात आणि लग्नाच्या पत्रिकांवर देऊन टाकला. नंबराच्या पुढे कंसात दोन अक्षरं असायची, पीपी. फोन शेजाऱ्यांचा आहे, माणूस आमचा आहे, कृपया बोलावून द्यावे, असा त्याचा अर्थ. हल्ली हे समजावून सांगावं लागतं. माझ्या भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही फुकटात नोकरी करत होतात?" हो, बाई, करत होतो.

त्या फोनचा कारभार आईने हातात घेतला आणि कुठल्याही कलेक्टरला जमणार नाही अशा शिस्तीने चालवला. फोन वाजला की तीच उचलणार. "पाच मिन्टानं लावा, बलावते," असं सांगून ठेवून देणार, आणि मला पळवणार. निरोप रस्त्यात ओरडून सांगायचा नाही, दारात जाऊनच सांगायचा. कोणी गेल्याचा फोन असेल, तर त्या घरी जेवणं झाली का हे आधी पाहायचं. झाली नसतील तर अर्धा तास थांबायचं, कारण मेलेला माणूस कुठे जात नाही आणि जिवंत माणूस नंतर दोन दिवस जेवत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की रिसीव्हरला आईशिवाय कोणीही हात लावायचा नाही. फोनवर तिने क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं. त्या झाकणाकडे कोणाचा हात गेला की ती अशी बघायची, की माणूस साबणाची वडी न घेताच घरी जायचा.

पुढे मी कॉलेजात असताना बाबा नागपूरला एका ठोक व्यापाऱ्याकडे गेले आणि त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर पाहून आले. तिथून त्यांची झोप उडाली. एक जुना कॉम्प्युटर त्यांनी टेम्पोत घालून आणला, तुरीच्या पोत्यांमध्ये बसवून. आता म्हणे देशभरातल्या बाजारांचे भाव घरबसल्या कळणार होते. कळायचेही. फक्त तुरीचा भाव आधी ट्रकवाला सांगायचा, मग हमाल सांगायचा, मग वर्ध्याचा अडत्या सांगायचा, आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो इंटरनेटवर यायचा. बाबांचा तरीही त्यावर फार विश्वास होता. छापून आलेलं खोटं असतं, पण काचेवर आलेलं खोटं नसतं, असं त्यांचं मत होतं.

काउंटरवरच्या फोनमधून एक वायर काढून मागच्या खोलीत कॉम्प्युटरला जोडली होती. नेट लावलं की टिनाच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज व्हायचा, मग किंचाळी, मग शांतता. ती शांतता म्हणजे आपण जगाशी जोडले गेलो. त्याच वेळी आपला फोन जगापासून तुटायचा, कारण लाइन एकच. नेट चालू असेल तर फोन करणाऱ्याला एंगेज लागायचं. म्हणून आईने मला दुपारी दोन ते चार एवढाच वेळ दिला होता. त्या वेळात वर्धा जिल्ह्यात कोणीही कोणाला फोन करत नाही, असा तिचा अनुभव होता.

मग मी दुकानाच्या नावाने एक ई-मेल आयडी काढला. मला वाटलं होतं, ही तरी एक गोष्ट माझी राहील. महिन्याभरात गल्लीतल्या एका काकांनी मुलाच्या लग्नपत्रिकेत तो छापला, शेवटी कंसात 'पीपी' असं लिहून. मी पत्रिका हातात घेऊन बाबांकडे गेले, तर ते म्हणाले, "मंग काय झालं? कागद थोडाच खपून राह्यला तुया." त्यानंतर परीक्षेचे फॉर्म, नोकरीचे अर्ज, पुण्यात शिकणारे पुतणे, सगळ्यांना आमचाच पत्ता. मेल आलं की आई मला पूर्वीसारखीच पळवायची. माणसंही पूर्वीसारखीच पळत यायची. एक काका अर्धी दाढी झालेली असताना साबण लावलेल्या गालाने आले.

"कट त नाई झाला?"

"काका, मेल कट होत नाही. वर्षभर राहतं."

"व्हय, पन आपन लौकर आलेलं बरं."

मेल वाचायचं काम आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी स्वतःकडे घेतलं. गिरडच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि आपल्याशिवाय इंटरनेट चालूच शकणार नाही याची त्यांना खात्री होती. ते खुर्चीवर बसायचे, चष्मा लावायचे, मेल आधी इंग्रजीत मोठ्याने वाचायचे, मग मराठीत अर्थ सांगायचे. मागे ज्याचं मेल असेल तो, त्याची बायको, आणि साखर घ्यायला आलेलं कोणीतरी उभं. उत्तरही तेच सांगायचे, मी टाइप करायची. पुण्याच्या कुठल्याशा पुतण्याने दोन ओळींत खुशाली कळवली, तर त्याला उत्तर गेलं, 'महोदय, आपले पत्र पावले, मजकूर समजला,' आणि शेवटी, 'आपला आज्ञाधारक, काका.' त्या मुलाने पुन्हा कधी लिहिलं नाही. असं सगळं राजरोस चाललं होतं आणि यात काही खासगी असतं, असावं, हे गल्लीत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला फक्त कंटाळा यायचा.

माझी एक मैत्रीण होती. बोरगावच्या बाहेर नाल्याच्या अंगाला त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी. सकाळी तिची आई वर्ध्याच्या बाजारात बसायची आणि ही आईला टोपली उतरवून देऊन तशीच कॉलेजला यायची, हाताला मेथीचा वास घेऊन. ती बी.एस्सी.ला, मी बी.कॉम.ला. ती पहिल्या वर्गात पास झाली. माझे दोन विषय राहिले होते आणि त्यांचं नाव घरात काढायला बंदी होती. तिला बियाणं कळायचं. दुकानात कोणी वांग्याच्या बियांची पुडी घ्यायला आलं, की ती चिमूटभर तळहातावर घेऊन सांगायची, "हे जुनं हाय काका, नका घेऊ." बाबांना ते आवडायचं नाही, पण खरं निघायचं म्हणून गप्प बसायचे.

एका बियाण्याच्या कंपनीची पेपरात जाहिरात आली. वाणांच्या चाचणीच्या शेतावर काम करायला माणसं हवी होती. अर्ज फक्त ई-मेलने. ती पेपरचा तुकडा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुयाशिवाय कोन हाय?" मला बरं वाटलं. अर्ज मी लिहिला, माझ्या इंग्रजीत. तिला जे म्हणायचं होतं ते साधं होतं, मी त्याला झालर लावली. आठ दिवसांनी उत्तर आलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता कंपनीचे साहेब फोनवर बोलतील आणि ठीक वाटलं तर पुढे बोलावतील. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून.

मग काय, गल्लीच कामाला लागली. मास्तरांनी तिची तयारी घेतली.

"तुम्हाला ही नोकरी का करायची आहे?"

"आमच्या वांग्याले दरसाल अळी लागते, म्हनून."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "पोरी, असं नसते सांगाचं. देशसेवा म्हन, संशोधन म्हन."

"पन अळी लागते ना सर."

तिला नोकरी लागली तर घराला हात मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. घरी लहान दोन भाऊ होते, आणि नाही लागली तर मार्चच्या आत तिचं लग्न उरकायचं, असं तिच्या वडिलांनी एका पाहुण्याला सांगून ठेवलं होतं. तिने मला हे एकदाच सांगितलं, मेथीची जुडी बांधता बांधता. पुन्हा तो विषय काढला नाही.

गुरुवारी दहापासून दुकानात माणसं जमली. ती इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून काउंटरजवळच्या स्टुलावर बसली, फोनवर बोलायला इस्त्री कशाला हे कोणीही विचारलं नाही. तिची आई बाजारात न बसता आली होती आणि केळझरच्या गणपतीला नारळ बोलून मोकळी झाली होती. बाबांनी दुकानाला लागून असलेली पिठाची चक्की बंद केली. आईने क्रोशाचं झाकण काढून फोन पुसला आणि जाहीर केलं, "आता कोनी हात नाई लावाचा. एन वक्ताले कोनी उचलला अन् तिकडून फोन आला त काय करान?" एक बाई मीठ मागायला आली तर दहा जणांनी तिला गप्प केलं.

पावणेअकराला मास्तर म्हणाले, "एकदा मेल पाहून घे बेटा. वेळ बदलली असन त?"

हे त्यांना सुचलं, आणि कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. गल्लीच्या हिशेबाने फोन काउंटरवर होता आणि मेल मागच्या खोलीत होतं. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? संबंध फक्त दोन माणसांना माहीत होता, आईला आणि मला. आई त्या वेळी मैत्रिणीच्या आईला चहा देत होती. मी मागे गेले, दार लोटलं आणि पाहून लगेच बंद करू म्हणून नेट लावलं. खिळ्यांचा डबा, किंचाळी, शांतता. मेल काही नव्हतं.

तेवढ्यात चॅटची खिडकी उघडली. कानपूरचा एक मुलगा होता, स्वतःला पायलट म्हणवायचा. मी स्वतःला नागपूरच्या मेडिकलची विद्यार्थिनी म्हणवायची. दोघंही एकमेकांना व्यवस्थित फसवत होतो आणि छान चाललं होतं. त्याने विचारलं, काय करतेस? मी लिहिलं, ऑपरेशनला जायचंय, दोन मिनिटं आहेत. मग बोलत बसले.

मी विसरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं आणि त्यात अकरा वाजून पाच मिनिटं झालेली मी पाहिली होती. दहा झालेली पाहिली. बाहेर एवढी माणसं असूनही कोणाचा खोकला ऐकू येत नव्हता, ती शांतताही मला ऐकू येत होती. माझ्या मनात काय चाललं होतं ते सरळ सांगते. अर्ज माझ्या इंग्रजीत, आयडी माझा, कॉम्प्युटर माझा, फोन माझा, आणि जाणार ती. मी इथे राहणार, लोकांना बोलावून आणत. मला तिचा हेवा वाटला. इतका, की नेट बंद करायला एक बटण दाबायचं होतं आणि माझा हात तिकडे गेला नाही. पायलटला मी विमानातल्या जेवणाबद्दल विचारत राहिले.

सव्वाबाराला नेट आपोआप तुटलं. खरखर होऊन पायलट अर्ध्या वाक्यात गेला. लाइनवर कोणी रिसीव्हर उचलला की असंच व्हायचं.

मी बाहेर आले. ती उभी होती, रिसीव्हर कानाला लावून, आणि आई आ वासून तिच्याकडे बघत होती, कारण तोवर त्या फोनला असा कोणी हात लावला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर खाली ठेवला आणि आईला म्हणाली, "लाइन खराब हाय काकू. खरखर येऊन राह्यली नुसती."

पुढचा अर्धा तास गल्लीने लाइनमनच्या सात पिढ्या काढल्या. मास्तर लेखी तक्रार करणार होते. तिच्या आईने पदराने डोळे पुसले आणि टोपली उचलली, दुपारचा बाजार तरी मिळेल म्हणून. मी मिठाच्या पोत्यावर बसून राहिले आणि त्या सगळ्यांत माझ्यावर कोणीही संशय घेतला नाही. लाइनमनचं मला आजही वाईट वाटतं.

चार वाजायला आले तेव्हा मी पुन्हा नेट लावलं. मेल आलेलं होतं. अकरा ते बारापर्यंत आम्ही पाच वेळा फोन केला, नंबर सतत एंगेज होता, अजून इच्छा असल्यास उद्या संध्याकाळी पाचपर्यंत या नंबरवर फोन करावा. खाली नंबर. मी ते वाचलं. हे मेल मास्तर मोठ्याने वाचणार होते. खराब लाइन आणि एंगेज लाइन यातला फरक मास्तरांना कळला नसता, पण आईला कळला असता, एका क्षणात. आणि मग बाबांना, आणि मग अर्ध्या दाढीच्या काकांपासून मिठाच्या बाईपर्यंत सगळ्यांना.

मी ते मेल डिलीट केलं. खोटं कशाला सांगू. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले, कचऱ्यातून ते बाहेर काढलं, नंबर वहीच्या पानावर उतरवला, पान फाडलं आणि सायकल काढली. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी होती.

ती मळ्यात होती. इस्त्रीचा ड्रेस बदलून जुना गाऊन, त्यावर वडलांचा शर्ट, आणि वांगी तोडत होती. मी कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं, पायलटसकट. तिने ओला हात शर्टाला पुसून कागद घेतला.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "उचलला तवाच तुया कॉम्प्युटरचा आवाज आला ना."

"मग सांगितलं काऊन नाही सगळ्यांसमोर?"

"सांगतलं असतं त तुया आईनं तवाच वायर कापली असती. मले मेल पायजे होता ना पुढचा." तिने एक वांगं तोडून टोपलीत टाकलं. "ते लोक लिहितीनच, मले वाटलंच होतं. मी तुयी वाट पाहून राह्यली होती. येतं का नाई येत, पाहत होती."

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं, पण जवळ आली नाही, आणि टोपली अर्धी राहिली होती म्हणून वांगी तोडत राहिली.

"उद्या लवकर ये," मी नाक पुसत म्हणाले. "मी आईला सांगते, फोन लावून देते."

"नाई," ती म्हणाली. "तुमच्या घरून नाई लावत."

दुसऱ्या दिवशी तिने आर्वी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन केला. मी बाहेर सायकली धरून उभी होते. काचेतून ती हात हलवून बोलताना दिसत होती, दोन बोटांनी अळी कशी शेंड्यात शिरते ते त्या रिकाम्या बूथला दाखवत. देशसेवेचं नाव तिने काढलं नसावं. वीस मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "सोमवारी बलावलं." नोकरी लागली. गल्लीने पेढे खाल्ले, लाइनमनला माफ केलं, आणि मास्तरांनी इंग्रजीचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. मार्चच्या पाहुण्यांना तिच्या वडिलांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

जायच्या आदल्या दिवशी ती दुपारी दोनला आली, आईने ठरवून दिलेल्या वेळेत. मागच्या खोलीत येऊन म्हणाली, "मले एक आयडी काढून दे. माया नावाचा."

आई दारातून म्हणाली, "काऊन वं? आपला हाय ना एक? तिकडचं काई आलं त पोरगी येऊन सांगन तुया आईले."

"असू द्या काकू. तिकडं लागते म्हने."

मी तिला खुर्चीवर बसवलं. पायलटने त्या आठवड्यात तीनदा लिहिलं होतं, मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तिने नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत. मग ती थांबली.

"इथं काय लिहू?"

"पासवर्ड. फक्त तुलाच माहीत असेल असं काहीतरी."

तिने थोडा विचार केला. बोट कीबोर्डवर नेलं आणि तसंच वर धरून ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू तिकडं पाय."

तिचा आवाज अगदी साधा होता, पंखा लाव म्हणावं तसा. आमच्या गल्लीत तोवर कोणी कोणाला तिकडं पाहा म्हटलं नव्हतं. मी तोंड फिरवलं. भिंतीवर तेलाच्या घाण्याचं कॅलेंडर होतं, ते पाहत राहिले. ती एका बोटाने टाइप करायची, त्यामुळे मागून मोजता आलं. आठ अक्षरं होती. त्यापुढचं मला अजून माहीत नाही.